घरातला प्रिंटर कुणाचा?



मागच्या लेखात पावसाळ्यात धान्य कसं जपावं ते लिहिलं होतं. आज जरा वेगळा विषय घेतेय. विषय आहे प्रिंटर, तोही बिनतारी, वाय-फायवर चालणारा. शीर्षक वाचून काहीजणी म्हणतील, "हे आमच्या ह्यांचं खातं, नाहीतर मुलाचं." मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत होते. ते म्हणणं मला आणि माझ्यापेक्षा माझ्या सासूबाईंना किती महाग पडलं, ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे ज्यांना वेळ नाही त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. घरातलं नेटवर्क हे आता घरकाम आहे. गॅसचा रेग्युलेटर कसा बसवायचा, पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे, मीटरचं बटण पडलं तर काय करायचं, हे जसं घरातल्या बाईला माहीत असतं, तसंच राऊटर कुठला, त्याचा पासवर्ड काय आणि प्रिंटर त्याला कसा जोडायचा हेही माहीत असायला हवं. ज्याला हौस आहे त्याने करावं, पण माहिती मात्र आपल्याकडे हवी.

पंधरा दिवस वाया गेले

आमच्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. माहेर आणि सासर दोन्ही सांगलीकडचं. आम्ही द्रोणागिरीला राहायला आलो तेव्हा त्या आमच्याबरोबर आल्या. मंदिर पायी जाण्याच्या अंतरावर नाही, म्हणून सुरुवातीला फार हळहळल्या. मग त्यांनी स्वतःच मार्ग काढला. घरीच सामायिक, घरीच स्वाध्याय. आचार्य समंतभद्रांचा रत्नकरंड श्रावकाचार त्यांनी हाती घेतला. एकूण १५० श्लोक आहेत. रोज एक श्लोक, त्याचा अर्थ, आणि दिवसभर त्यावर चिंतन.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचा त्रास सुरू झाला. मोतीबिंदू नव्हे, पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती शक्य तितकी टिकवायची. कडेचं दिसतं, पण समोरचं अक्षर पुसट होतं. पोथीतली अक्षरं त्यांना वाचता येईनात. फोनवर मोठं करून दाखवलं, पण सामायिकाच्या आसनावर फोन त्यांना चालत नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. श्लोक वाचताना मध्येच कुणाचा तरी 'गुड मॉर्निंग' येऊन टपकतो.

मग मी रोजच्या श्लोकाचं एक पान तयार करू लागले. मूळ श्लोक, खाली मी माझ्या वहीतून उतरवलेला मराठी अर्थ, ठळक काळं अक्षर, २८ पॉइंट आकार, दोन ओळींत भरपूर जागा. आठवड्याची सात पानं रविवारी छापायची. पान हातात घेऊन, तिरकं धरून, कडेच्या नजरेने आई वाचायच्या. एका श्लोकाला कधी अर्धा तास लागे. पण वाचायच्या स्वतः. मी वाचून दाखवते म्हटलं तर म्हणायच्या, "ऐकणं वेगळं आणि वाचणं वेगळं गं. जोवर दिसतंय तोवर वाचू दे."

गेल्या पावसाळ्यात इंटरनेटवाल्यांनी जुना राऊटर बदलून नवा बसवला. फोन चालू झाले, टीव्ही चालू झाला, सगळे खूश. रविवारी मी पानं छापायला गेले तर संगणकावर 'प्रिंटर ऑफलाइन'. बंद केला, चालू केला. तरी ऑफलाइन.

मुलाला फोन केला. तो बंगळुरूला असतो. "आई, तू हात लावू नकोस, मी आलो की बघतो." ह्यांची बंदरावरच्या कंटेनर यार्डात शिफ्ट, आले की झोप. एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. रेल्वे १२ जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत आली, अटल सेतूही त्याच दिवशी सुरू झाला, तरी बेलापूर-नेरुळचा माणूस द्रोणागिरीला यायचं म्हटलं की तोंड वाकडं करतो. तो चौथ्या दिवशी आला, पाच मिनिटं बघितलं, "याचं वाय-फाय कार्ड गेलंय, नवा प्रिंटर घ्या" म्हणाला आणि पैसे घेऊन गेला.

तोवर मी काय केलं? वाट बघितली. तारेने जोडायचं सुचलंसुद्धा नाही, आणि सुचलं असतं तरी ती तार कुठल्या डब्यात आहे हे मुलालाच ठाऊक. आई काही बोलल्या नाहीत. जुनीच पानं पुन्हा वाचत राहिल्या. नंतर तीही बाजूला ठेवून नुसती जपमाळ घेऊन बसू लागल्या. पंधराव्या दिवशी मी विचारलं, तर म्हणाल्या, "असू दे. तुम्हा सगळ्यांना कामं असतात."

ते वाक्य मला लागलं. ज्यांच्याकडे वाचण्याचे दिवस मोजके उरलेत, त्यांचे पंधरा दिवस मी 'हे माझं खातं नाही' म्हणून घालवले होते. त्याच दुपारी राऊटरच्या पेटीतला कागद आणि प्रिंटरचं पुस्तक घेऊन बसले. पाऊण तासात प्रिंटर चालू झाला. कार्डबिर्ड काही गेलेलं नव्हतं.

नेमकं काय बिघडलं होतं

हे समजून घ्या, कारण राऊटर बदलला की घरोघरी हेच होतं.

प्रिंटर आणि संगणक एकमेकांशी थेट बोलत नाहीत. दोघे राऊटरमार्फत बोलतात. संगणक पान राऊटरकडे देतो आणि राऊटर ते प्रिंटरला पोहोचवतो. त्यासाठी दोघांनी एकाच नेटवर्कवर असायला हवं. नवा राऊटर आला तसं नेटवर्कचं नाव बदललं. संगणकात आणि फोनमध्ये आपण नवा पासवर्ड घातला. प्रिंटरला कुणी सांगितलंच नाही. तो बिचारा जुन्या नावाच्या नेटवर्कला शोधत बसला होता. प्रिंटरच्या दृष्टीने तो चालू होता, संगणकाच्या दृष्टीने तो ऑफलाइन होता. आपापल्या जागी दोघेही खरं बोलत होते. अनेकांत आपण शिबिरात शिकतो, माझ्या घरात तो टेबलावर मांडलेला होता.

मग नवा पासवर्ड घालून झालं का? नाही, तिथे दुसरी अडचण आली. आजचे राऊटर दोन पट्ट्यांवर चालतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. मिरवणूक येत असली की ढोल लांबून, भिंतींतूनही ऐकू येतो, पण मंजिरीचा नाद जवळ आल्यावरच कळतो ना? तसंच हे. २.४ ची लहर लांब जाते, भिंती ओलांडते, पण वेग कमी. ५ ची लहर वेगवान, पण दोन भिंतींपलीकडे थकते. घरगुती प्रिंटरांपैकी बऱ्याच जणांना फक्त २.४ कळतो. छापण्याच्या कामाला तेवढा वेग पुरतो, म्हणून कंपन्या तेवढंच देतात.

माझ्या नव्या राऊटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलं होतं आणि सुरक्षेची सर्वांत नवी पद्धत, डब्ल्यूपीए३, लावली होती. माझा सहा वर्षांचा प्रिंटर आधीची डब्ल्यूपीए२ जाणतो. त्यामुळे पासवर्ड बरोबर घालूनही तो आत येत नव्हता. दारावर नवं कुलूप, याच्या हातात जुन्या पद्धतीची किल्ली. दुरुस्तीवाल्याने कुलूप बघितलंच नाही, किल्ली खराब म्हणून मोकळा झाला.

मी काय केलं, ते क्रमाने

प्रत्येक प्रिंटरची बटणं वेगळी असतात, पण क्रम हाच.

*पहिलं,* राऊटर पालथा करून खालची चिठ्ठी वाचली. तिथे नेटवर्कचं नाव, पासवर्ड आणि राऊटरच्या सेटिंगचा पत्ता असतो. बहुतेक वेळा हा पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. संगणकाच्या ब्राउझरमध्ये वरच्या पट्टीत तो इंग्रजी आकड्यांत टाकला की राऊटरचं पान उघडतं. तिथे आत जायचा पासवर्ड वेगळा असतो, वाय-फायचा नव्हे. तोही चिठ्ठीवर मिळतो. आत गेल्यावर पहिल्यांदा तो बदला आणि लिहून ठेवा.

*दुसरं,* वायरलेसच्या सेटिंगमध्ये दोन्ही पट्टे वेगळे केले. २.४ ला एक नाव, ५ ला दुसरं. २.४ वर डब्ल्यूपीए२ ठेवलं. काही राऊटरमध्ये डब्ल्यूपीए२ आणि ३ अशी मिश्र सोय असते, तीही चालते. इथे एक युक्ती सांगते. २.४ च्या नेटवर्कला जुन्या राऊटरचंच नाव, जुनाच पासवर्ड आणि सुरक्षेची जुनीच पद्धत दिली, तर प्रिंटर आपणहून ओळखून जोडला जातो, त्याला काहीच शिकवावं लागत नाही. मला हे नंतर कळलं. पण जुना पासवर्ड अर्ध्या सोसायटीला माहीत असेल तर मात्र नवाच ठेवा.

*तिसरं,* प्रिंटरला नवं नाव शिकवलं. पडदा असलेल्या प्रिंटरवर 'वायरलेस सेटअप' असा पर्याय असतो. नेटवर्कचं नाव निवडायचं, पासवर्ड टाकायचा. लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी, इथेच चूक होते. पडदा नसेल तर वाय-फायचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून ठेवायचं आणि फोनवर त्या कंपनीचं अ‍ॅप उघडून पुढचं करायचं. त्या वेळी फोन २.४ च्याच नेटवर्कवर ठेवा. राऊटरवर आणि प्रिंटरवर दोन मिनिटांच्या आत एकेक बटण दाबून जोडायची सोयही असते, तिला डब्ल्यूपीएस म्हणतात. सोपी आहे, पण तिच्या आठ आकडी पिनमध्ये मोठी पळवाट असल्याचं २०११ साली उघड झालं. म्हणून वापरायचीच तर बटणाची वापरा आणि काम झालं की राऊटरच्या पानावरून ती बंद करा.

*चौथं,* प्रिंटरकडून नेटवर्कचं पान छापून घेतलं. ही सोय जवळजवळ प्रत्येक प्रिंटरमध्ये असते आणि संगणकाशिवाय चालते. त्यावर प्रिंटरचा पत्ता दिसतो. तो राऊटरच्या पत्त्यासारखाच, म्हणजे १९२.१६८ ने सुरू होत असेल तर प्रिंटर घरात आला. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही, तिसऱ्या पायरीवर परत जा. हे एक पान बघितलं असतं तर त्या दुरुस्तीवाल्याला कार्ड गेलंय असं म्हणताच आलं नसतं.

*पाचवं,* तो पत्ता कायमचा केला. राऊटर हा वॉचमनसारखा आहे. येईल त्या यंत्राला रिकामा फ्लॅट नंबर देतो. वीज गेली, परत आली की नंबर बदलू शकतात. आपल्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते मी सांगायला नको. मग संगणक जुन्या फ्लॅटवर पान टाकतो आणि प्रिंटर भलत्याच मजल्यावर. राऊटरच्या पानावर पत्ता राखून ठेवायची सोय असते, 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' किंवा 'स्टॅटिक लीज' अशा नावाने. प्रिंटरला एकच नंबर कायमचा देऊन टाका. महिन्यातून दोनदा होणारी 'आज प्रिंटर चालत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा यानेच थांबते.

*सहावं,* संगणकात सेटिंग्ज, मग ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, मग प्रिंटर्स अँड स्कॅनर्स असं जाऊन आधी जुना प्रिंटर काढून टाकला आणि नंतर नवा म्हणून जोडला. हे महत्त्वाचं आहे. जुनी नोंद तशीच राहिली तर एकाच प्रिंटरची दोन नावं दिसतात आणि आपण नेमकं मेलेल्या नावावर पान पाठवतो. अडकून पडलेली जुनी पानंही रांगेतून काढून टाका, नाहीतर जोडणी झाल्याबरोबर पंधरा दिवसांची सगळी पानं एकदम बाहेर येतात. माझी आली.

आणि एक लक्षात ठेवा. पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क, गेस्ट नेटवर्क, चालू असेल तर त्यावरच्या फोनला घरातला प्रिंटर दिसत नाही. ती चूक नाही, तशी सोयच आहे. प्रिंटर आणि आपला फोन दोन्ही मुख्य नेटवर्कवर ठेवा, पाहुणे पाहुण्यांच्या.

चाचणीला स्तोत्र छापू नका

यंत्र जोडलं की आपण हातात येईल ते छापून बघतो. माझी पहिली चूक हीच. चाचणी म्हणून भक्तामराचं पान दिलं, ते अर्धवट छापलं, शाई पसरली, आणि मग ते पान टाकवेना आणि ठेववेना. चाचणीसाठी प्रिंटरचं स्वतःचं चाचणी पान किंवा किराणाची यादी द्या. जिनवाणीचं पान सगळं नीट चालू झाल्यावरच. तरी बिघडलेलं पान झालंच, तर ते केराच्या डब्यात जाऊ देऊ नका. एका पिशवीत जमवा आणि मंदिरात जीर्ण पोथ्यांची व्यवस्था असते तिथे द्या. ज्ञानाची अशातना आपल्या आळसाने होते, त्यात यंत्राचा दोष नाही.

दुसरं, जतना. आपल्याकडे खाडीची हवा दमट. बंद प्रिंटरची ऊब मुंग्यांना आणि झुरळांना आवडते. छापायच्या आधी कागदाचा ट्रे बाहेर काढून, झाकण उघडून एकदा नीट बघा, मऊ ब्रशने हळूच झाडा, मगच बटण दाबा. काम झालं की सुती कापड झाका. कागदही उघड्यावर ठेवू नका, ओल धरतो आणि आत अडकतो. धान्याचे डबे जसे बघून घेतो तसंच हे.

तिसरं, कागद झाडापासून येतो, आणि वनस्पतिकाय जीवांचा विचार आपल्याला शिकवावा लागत नाही. पाठपोट छापा. जे फोनवर वाचून भागतं ते छापू नका. आमच्याकडे नियमच केलाय, आईंची पानं, शाळेचं आणि सरकारी कामाचं एवढंच छापायचं. विजेची बिलं, लग्नपत्रिका, व्हॉट्सअ‍ॅपवरचे सुविचार नाही.

दोन हरकती

हे मी आमच्या स्वाध्याय मंडळात बोलले, तेव्हा दोन हरकती आल्या. दोन्ही विचार करण्यासारख्या होत्या.

एक वहिनी म्हणाल्या, "घरात आणखी एक यंत्र म्हणजे परिग्रहच ना? खाली झेरॉक्सचं दुकान आहे." मान्य, वस्तू वाढवू नये. ज्यांना वर्षातून चार पानं लागतात त्यांनी प्रिंटर घेऊच नये. तो न वापरता पडून राहिला तर शाई सुकते आणि खर्च वाया जातो. पण तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख वस्तूंच्या संख्येवरून केलेली नाही, आसक्तीवरून केली आहे. आजारी माणसाच्या स्वाध्यायासाठी ठेवलेलं यंत्र आणि शेजारणीकडे आहे म्हणून आणलेलं यंत्र, दिसायला सारखीच. फरक आपल्याला आत माहीत असतो. आणि दुकानाचं म्हणाल, तर तिथे आपण काय करतो? आधार, पॅन, बँकेचा कागद, आजारपणाचे रिपोर्ट दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर पाठवतो आणि पान घेऊन घरी येतो. फाइल तिथेच राहते. ती पुसायला सांगायचं आपल्या लक्षातही राहत नाही. घराच्या तिजोरीची किल्ली आपण अशी कुणाकडे ठेवतो का?

दुसरी हरकत एका ताईंची. "मुलगा करतो ना? मग मी कशाला डोकं लावू?" त्यांना मी माझे पंधरा दिवस सांगितले. मुलं चांगली आहेत, करतातही. पण ती परगावी असतात. त्यांनी घातलेला पासवर्ड त्यांच्या डोक्यात असतो आणि त्यांच्या सोयीची वेळ ही आपल्या गरजेची वेळ नसते. शिवाय 'तू हात लावू नकोस' हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं असलं तरी त्याचा परिणाम एकच होतो, आपण हात लावेनासे होतो. मग फोनही त्यांनीच सुरू करून द्यायचा, बँकेचं अ‍ॅपही त्यांनीच, आणि एके दिवशी आपल्याच घरात आपण विचारून वावरतो.

हे काम आपल्या बायकांना नवं नाही

कुणी म्हणेल, छापणं, प्रती काढणं हे काही बायकांचं काम नव्हे. मी म्हणते, आपल्या समाजात तरी ते आहे.

दहाव्या शतकात कर्नाटकात अत्तिमब्बे होऊन गेल्या. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती त्यांनी स्वखर्चाने लिहून घेतल्या आणि वाटल्या. ताडपत्रावर, हाताने, एक हजार. तेव्हा छापखाना नव्हता, पण दान कशाचं करायचं हे त्या बाईला कळलं होतं. लोक तिला दानचिंतामणी म्हणत.

आणि धवला टीका आपल्यापर्यंत कशी आली? षट्खंडागमावरची ही टीका शतकानुशतकं मूडबिद्रीच्या ताडपत्रांत होती, लोकांना फक्त दर्शन घडायचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिची नक्कल करण्याचं काम सुरू झालं. ते काम करणाऱ्या गजपती शास्त्रींनी आणखी एक प्रत आपल्या घरी गुपचूप कन्नड लिपीत उतरवली, आणि त्यात त्यांना साथ होती पत्नी लक्ष्मीबाईंची. ते योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकतो. पण ती प्रत बाहेर आली आणि तिच्यावरून पुढे नकला झाल्या. अमरावतीला डॉ. हीरालाल जैन यांनी १९३९ साली धवलेचा पहिला खंड छापून आणला, पुढे असे १६ खंड निघाले. आज आपण तो ग्रंथ हातात घेतो तेव्हा त्यामागे रात्री दिव्याशी बसून अक्षर काढणारी एक गृहिणी आहे, हे किती जणींना माहीत आहे? आणि आपल्या सोलापूरच्या पंडिता सुमतीबाई शहा यांनी तर षट्खंडागमाचं संपादनच केलं.

धर्मग्रंथ छापायला सुरुवात झाली तेव्हा आपल्याच समाजातून मोठा विरोध झाला होता, अशातना होईल म्हणून. भीती खोटी नव्हती. पण ज्यांनी काळजी घेऊन छापलं त्यांच्यामुळे पोथी भांडारातून घरात आली, आणि घरात आली म्हणून बाईच्या हातात आली. माझ्या टेबलावरचा लहानसा प्रिंटर हे त्याच रांगेतलं शेवटचं, अगदी साधं टोक आहे, असं मला वाटतं. माझं काम अत्तिमब्बेच्या तुलनेत काहीच नाही. एक वाचक, रोज एक पान. तरी तेही शास्त्रदानच आहे.

एक वही करा

आता एवढंच करा. या रविवारी एक साधी वही घ्या. पहिल्या पानावर राऊटरची चिठ्ठी बघून नेटवर्कचं नाव, पासवर्ड, राऊटरच्या पानाचा पत्ता आणि तिथला पासवर्ड लिहा. दुसऱ्या पानावर प्रिंटरचं मॉडेल, त्याचा राखून ठेवलेला पत्ता आणि तो जोडायचा क्रम, आपल्या शब्दांत. तिसऱ्यावर इंटरनेटवाल्यांचा तक्रार नंबर आणि आपला ग्राहक क्रमांक. वही कपाटात, दागिन्यांच्या पावत्या ठेवता तिथे ठेवा. मग मुलगा किंवा मुलगी सुट्टीला आली की त्यांना म्हणा, "तू करू नकोस, शेजारी बस, मी करते, चुकले तर सांग." एकदा प्रिंटर काढून टाका आणि स्वतः परत जोडा. भीती तिथेच संपते.

माझा मुलगा दिवाळीला आला तेव्हा वही बघून हसला. मग जरा गप्प बसला आणि म्हणाला, "पत्ता कायमचा करायचं मलाही सुचलं नव्हतं." मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आईंच्या स्वाध्यायाबद्दल सांगायचं राहिलं. प्रिंटर चालू झाला त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे २८ पॉइंटची पानं काढून दिली. त्यांनी पान हातात घेतलं, तिरकं केलं, खिडकीजवळ नेलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "जरा मोठं होईल का?" त्या पंधरा दिवसांत नजर आणखी उतरली होती. आता ३६ पॉइंटवर एका श्लोकाला दोन पानं लागतात. ते पंधरा दिवस मला परत देता येणार नाहीत, त्याबद्दल मी त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "क्षमा कसली, पुढचं पान दे."

सध्या त्या एकशे अकराव्या श्लोकावर आहेत. शाईची टाकी भरलेली आहे आणि जास्तीची बाटली कपाटात, वहीच्या शेजारी आहे.

लिहिताना जाणते-अजाणतेपणी कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.